'ध'चा 'मा' होऊ नये म्हणून

नारायणराव पेशव्यांच्या वधाची हकीकत निघाली की मराठी माणसाच्या तोंडी 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका हटकून येते. 'धरावे' या आज्ञेतील एक अक्षर बदलले, तिचे 'मारावे' झाले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात एका कोवळ्या पेशव्याचा बळी गेला. इतिहाससंशोधक या आख्यायिकेस कितपत मान देतात, हा प्रश्न निराळा. लोकमानसाने मात्र ती अडीचशे वर्षे जपून ठेवली आहे, कारण एका अक्षराच्या फेराने माणसाचा जीव जाऊ शकतो, हे सत्य लोकांस अंतर्यामी पटलेले आहे. त्या गोष्टीत अक्षर कोणीतरी हेतुपुरस्सर बदलले होते. आज आपल्या घराघरांत जो 'ध'चा 'मा' होतो, त्यात कोणाचेही कपट नसते. अक्षर जागच्या जागी असते, वाचणाराही ते बिनचूक वाचतो. परंतु त्याचा अर्थ वाचणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही आणि अनर्थ घडतो.

हे सारे आठवण्याचे कारण वरकरणी अगदी साधे आहे. इंग्रजीच्या आकलनाचा सराव व्हावा म्हणून शाळांतून उतारे दिले जातात आणि त्यांखाली चार-सहा प्रश्न असतात. एके काळी या उताऱ्यांत राजा ब्रूस आणि त्याचा कोळी असे, इंग्लंडातील वसंत ऋतू असे, क्वचित एखाद्या आगगाडीच्या प्रवासाचे वर्णन असे. आता त्यांची जागा मोबाइल, संगणक, लसीकरण, मधुमेह, स्वच्छ पाणी अशा विषयांनी घेतली आहे. या बदलाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. ज्या गोष्टींशी मुलाची रोज गाठ पडते, त्याच गोष्टी त्याने परक्या भाषेत वाचाव्यात, यात शहाणपण आहे. परंतु विषय बदलला म्हणून वाचण्याची रीत बदलली काय? आमच्या मते नाही. आणि आजच्या या लेखाचे प्रयोजन तेच आहे.

हा प्रश्न नुसता मुंबई-पुण्याच्या, किंवा आमच्या पणजी-मडगावच्या, शाळांपुरता पाहिला तर त्याची धार कळत नाही. म्हणून आम्ही वाचकांस बीदर शहराजवळच्या कमठाणा या गावाकडे नेऊ इच्छितो. बीदर जिल्हा हा भाषांचा संगम आहे. कन्नड ही तेथील राज्यभाषा. मराठी आणि उर्दू या असंख्य घरांच्या भाषा. तेलंगणाची सीमा जवळ असल्याने तेलुगूही कानांवर पडते. अशा मुलखातील मूल दोन-तीन भाषा सहज बोलते, याचे आपण कौतुक करतो आणि ते रास्तच आहे. परंतु घरात आजारी माणसाच्या उशाशी जी औषधाची बाटली असते, तिच्यावरील मजकूर बहुधा या तिन्ही-चारी भाषांपैकी कोणत्याच भाषेत नसतो. तो असतो इंग्रजीत. तो वाचण्याचे काम घरातील ज्याने त्यातल्या त्यात अधिक शाळा पाहिली आहे, त्याच्याकडे म्हणजे बहुधा आठवी-दहावीतील मुलाकडे वा मुलीकडे येते. परीक्षेतील उताऱ्यात चूक झाली तर दोन गुण जातात. घरातल्या या उताऱ्यात चूक झाली तर काय जाते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

ज्ञान एका भाषेत आणि लोक दुसऱ्या भाषेत, हा या भूमीचा जुनाच दैवयोग आहे. बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान याने १४७२ साली बीदरात जो मदरसा उभारला, त्याची भग्न भव्यता आजही पाहणाऱ्यास थक्क करते. परंतु तेथील विद्या फार्सी-अरबीची होती, शेतकऱ्याच्या बोलीची नव्हती. पुढे बीदर निजामाच्या राज्यात आले. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने वैद्यकासारखे विषयही इंग्रजीऐवजी उर्दूतून शिकवून दाखवले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो एक मोठा प्रयोग होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजेची मातृभाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. तिच्या दृष्टीने परकेपण एका पायरीने कमी झाले, एवढेच. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झाले, विद्यापीठात उर्दूच्या जागी इंग्रजी आली आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. राज्ये बदलली, ज्ञानाची भाषाही बदलली. पण ती सामान्य घराची भाषा कधी झाली नाही.

गोमंतकीय वाचकांस यात आपलेच प्रतिबिंब दिसेल. १८४२ साली पणजीत वैद्यकशाळा स्थापन झाली. आशिया खंडातील पाश्चात्त्य वैद्यकाच्या जुन्या शाळांत तिची गणना होते. तेथील विद्या पोर्तुगीजमध्ये होती आणि रोगी कोकणी-मराठी बोलणारा होता. मुक्तीनंतर, १९६३ मध्ये, तिचेच गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले आणि पोर्तुगीजची जागा इंग्रजीने घेतली. रोग्याची भाषा तीच राहिली. तेव्हा कमठाण्याचा प्रश्न हा दूरच्या कोण्या सीमाभागाचा प्रश्न नव्हे. तो तुमचा-आमचाही आहे.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. मधुमेहाच्या रोग्याला इन्शुलिन टोचावे लागते. आपल्या देशात त्याच्या कुप्यांवर मुख्यतः दोन आकडे आढळतात : एका मिलिलिटरमध्ये ४० एकके, किंवा १००. सिरिंजाही त्याप्रमाणे दोन जातींच्या असतात; चाळीसाच्या सिरिंजेचे टोपण लाल असते आणि शंभराच्या सिरिंजेचे नारिंगी. कुपी शंभराची आणि सिरिंज चाळीसाची, अशी गफलत झाली तर औषध अडीचपट जाते. रक्तातील साखर एकाएकी उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो, प्राणावरही बेतू शकते. उलट गफलत झाली तर औषध अपुरे पडते आणि साखर वाढतच राहते. कुपीवरचे अक्षर इवलेसे, ओळ एकच. तिच्यातील एक आकडा पाहणे, तो सिरिंजेवरील आकड्याशी ताडून पाहणे आणि दोन्ही जुळत नसतील तर हात आवरणे, ही संपूर्ण क्रिया म्हणजे आकलन. 'मधुमेह' या विषयावरील तीनशे शब्दांचा उतारा वाचून 'इन्शुलिन कोणत्या ग्रंथीत तयार होते?' या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या मुलास ही एक ओळ वाचता येईलच, असे आम्हांस खात्रीने म्हणवत नाही.

याचे कारण उताऱ्यांचा सराव ज्या रीतीने होतो, तिच्यात आहे. ही रीत प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. प्रश्नातील ठळक शब्द हेरायचा, तो उताऱ्यात कोठे आहे ते शोधायचे, त्या शब्दाभोवतीचे वाक्य उचलायचे आणि उत्तर म्हणून जसेच्या तसे उतरवायचे. उताऱ्याचा अर्थ ओ की ठो कळला नाही तरी या युक्तीने निम्म्याहून अधिक गुण पदरात पडतात. यासाठी मुलांस दोष देणे अन्यायाचे होईल. गुण ज्या मार्गाने मिळतात, त्या मार्गाने मुले जाणारच. शिक्षकांसही आम्ही सर्वस्वी दोष देत नाही. भरलेला वर्ग, संपवावयाचा अभ्यासक्रम आणि निकालाचा धाक यांत त्यांचाही नाइलाज होतो. पण या रीतीने जे कमावले जाते त्याला वाचन म्हणता येत नाही. ती नक्कल झाली.

वाचता येणे आणि उमगणे यांतील अंतर किती असू शकते, याचा एक विलक्षण दाखला अमेरिकेतील आहे. तेथील तीन दवाखान्यांतील ३९५ रुग्णांवर केलेली एक पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. औषधाच्या बाटलीवर सूचना होती : 'दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा तोंडाने घ्याव्यात.' ज्यांचे वाचन कच्चे होते, त्या रुग्णांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी ही सूचना बरोबर सांगितली. परंतु 'दिवसभरात किती गोळ्या घ्याल, त्या मोजून दाखवा' असे म्हटल्यावर त्यांपैकी सुमारे ३५ टक्केच बरोबर ठरले. दोन दुणे चार, एवढाच काय तो हिशेब. आणि ही गत इंग्रजी ही जेथील रोजच्या व्यवहाराची भाषा आहे, अशा देशातली! तेव्हा इंग्रजी आले की सर्व साधले, या समजुतीतील फोलपणा येथेच उघड होतो.

आपल्याकडील चित्र पाहावे. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या 'असर' पाहणीत २०२३ साली देशातील २८ जिल्ह्यांतील १४ ते १८ वर्षे वयाच्या ग्रामीण मुलामुलींची परीक्षा घेतली गेली. त्यांपैकी ५७.३ टक्के मुलांस इंग्रजीतील साधी वाक्ये वाचता आली. ज्यांना वाचता आली त्यांपैकी ७३.५ टक्के मुलांस त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे शंभरांतील सुमारे बेचाळीस मुलेच वाचून अर्थ सांगू शकली. याच पाहणीत मुलांपुढे जलसंजीवनीचे, म्हणजे ज्याला आपण 'ओआरएस' म्हणतो त्याचे, पाकीट ठेवून त्यावरील सूचनांवर चार प्रश्न विचारले होते. निदान पहिलीच्या पातळीचे वाचन ज्यांस येत होते, त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मुलांनी तीन वा अधिक उत्तरे बरोबर दिली. उरलेल्या एक-तृतीयांश मुलांच्या घरी धाकटे भावंड हगवणीने मलूल झाले असेल, तेव्हा पाकिटावरील ओळी कोणी समजून घ्यावयाच्या?

या जलसंजीवनीचीच कथा आरोग्यविषयक उताऱ्यासाठी किती समर्पक आहे! १९७१ साली पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने माणसे पटापट मरत होती. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला आणि असंख्य प्राण वाचवले. आज मोठे पाकीट एक लिटर पाण्यात मिसळावयाचे असते, लहान पाकीट २०० मिलिलिटर पाण्यात. मोठे पाकीट पेलाभर पाण्यात कालवले तर क्षारांचे प्रमाण वाढून बालकास अपाय होऊ शकतो. पाकीट तेच, पूड तीच. तारक की मारक हे एका ओळीच्या अर्थावर ठरते.

या गोष्टीस आणखी एक पदर आहे. काही कंपन्यांची साखरयुक्त पेये अनेक वर्षे आपल्या नावात 'ओआरएस' ही अक्षरे मोठ्या दिमाखाने मिरवीत होती. हे उत्पादन जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या सूत्राप्रमाणे नाही, अशा अर्थाची इंग्रजी ओळ वेष्टनावर छापली म्हणजे झाले, अशी नियमात सोय होती. नाव मोठ्या अक्षरांत, नकार बारीक अक्षरांत! बीदरहून अनेकजण मोठ्या दुखण्यासाठी ज्या हैदराबादेची वाट धरतात, तेथील बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षे चिकाटीने लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ही सवलत काढून घेतली. विद्यार्थ्यांपुढे ठेवावा असा याहून बोलका उतारा कोणता? प्रश्न एकच विचारावा : 'मोठी अक्षरे काय सांगतात आणि बारीक अक्षरे काय सांगतात?'

तंत्रज्ञानाचीही तीच कथा. 'संगणकाचे फायदे' या विषयावर मूल दहा ओळी लिहू शकते. परंतु वडिलांच्या मोबाइलवर बँकेचा इंग्रजी संदेश आला, तर त्यात 'क्रेडिटेड' आहे की 'डेबिटेड', म्हणजे पैसे जमा झाले की गेले, हे त्यास ओळखता येते काय? मोबाइलवरून पैसे पाठवताना गुप्त पिन घालावा लागतो; पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. एवढे एक वाक्य अर्थासह ज्याच्या मनात ठसले, त्याला 'तुम्हांला बक्षीस लागले आहे, पिन टाका' असे सांगणारा भामटा फसवू शकत नाही. शेतकऱ्याच्या घरी कीटकनाशकाचा डबा असतो. त्यावरील चौकटीचा रंग विषाची तीव्रता सांगतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, कमी विषारी, हे उमगण्यासाठी खालील मजकूरही वाचावा लागतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या अनर्थास अनेक कारणे होती. तथापि, ज्याच्या हाती आपण विष देतो, त्याच्या हाती त्या विषाची भाषाही दिली पाहिजे, एवढा बोध तरी त्यातून घ्यावयास नको काय?

मग सराव कसा व्हावा? आमच्या अल्पमतीप्रमाणे प्रथम उताऱ्याची व्याख्याच बदलली पाहिजे. औषधाचे वेष्टन, बँकेचा संदेश, खताची पिशवी, विजेच्या उपकरणाबरोबर येणारे सूचनापत्रक हेही उतारेच होत. ते वर्गात आणावेत. दुसरे असे की, नामांपेक्षा लहान शब्दांकडे लक्ष वेधावे. 'मस्ट' आणि 'मे' यांत 'केलेच पाहिजे' आणि 'करता येईल' एवढे अंतर आहे. 'अनलेस' या एका शब्दाने सबंध वाक्य उलटे फिरते. 'दर सहा तासांनी' आणि 'दिवसातून सहा वेळा' ही दोन विधाने एक नव्हेत. मोठाले शास्त्रीय शब्द शब्दकोशात सापडतात. माणसाचा घात करतात ते हे चिमुकले शब्द. तिसरे असे की, एखादा शब्द अडला तर आधी मागचे-पुढचे वाक्य पाहून त्याचा अर्थ अजमावावा, आणि प्रश्न आरोग्याचा असेल तर त्या अंदाजावर न थांबता डॉक्टरला अथवा औषधविक्रेत्याला विचारावे. कोठे थांबावे आणि विचारावे, हे कळणे हाही आकलनाचाच भाग होय.

चौथी सूचना आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. उतारा वाचून झाला की विद्यार्थ्याने पुस्तक मिटावे आणि त्यातील आशय आपल्या घरच्या भाषेत, आपल्या आजीला समजेल अशा शब्दांत, सांगावा. मराठी असेल तर मराठीत, कन्नड असेल तर कन्नडात, उर्दू असेल तर उर्दूत. येथे नक्कल चालत नाही, पाठांतर चालत नाही. ज्याला उमगले असेल तोच सांगू शकेल, आणि ज्याला सांगता आले त्याचे इंग्रजी कितीही अडखळते असले तरी त्याला उतारा आला, असे गुरुजींनी खुशाल समजावे.

यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप येतील. इंग्रजीचे कैवारी म्हणतील की, वर्गात मातृभाषा आली की इंग्रजीची सवय मोडते. मातृभाषेचे कैवारी म्हणतील की, मुलास औषधाची बाटली इंग्रजीत वाचावयास लावणे हीच गुलामी; बाटलीवरच मराठी-कन्नड का नसावे? पहिल्यांस आमचे उत्तर असे की, जी सवय अर्थाविना लागते ती मोडलेलीच बरी. दुसऱ्यांचे म्हणणे तत्त्वतः आम्हांस शंभर टक्के मान्य आहे. कीटकनाशकांच्या बाबतीत प्रादेशिक भाषेत माहिती देण्याचा नियम १९७१ पासून आहे. औषधांच्या बाबतीत तोच आग्रह का धरला जाऊ नये? तो लढा लढलाच पाहिजे. परंतु त्याचा निकाल लागेपर्यंत आजीचे औषध थांबून राहणार नाही. ते आज रात्री द्यावयाचे आहे.

शासनालाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. बीदर-कलबुर्गीच्या या मागास ठेवलेल्या प्रदेशासाठी २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने खास तरतूद केली आणि २०१९ साली त्यास 'कल्याण कर्नाटक' हे नाव मिळाले. कल्याण हा शब्द सार्थ करावयाचा तर रस्ते आणि इमारती यांबरोबर गावच्या शाळेतील वाचनाकडेही या निधीतील काही वाटा वळला पाहिजे. बीदरला वैद्यकीय महाविद्यालय आहे. नंदीनगर येथे राज्याचे पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. तेथील विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक दिवस कमठाण्यासारख्या गावांतील शाळांत रिकामी वेष्टने घेऊन जावे. माणसांच्या औषधांचीही आणि देवणी गाईंच्या औषधांचीही. शाळकरी मुलाने वाचावे, भावी डॉक्टराने चूक दाखवावी. यास फार पैसा लागत नाही. थोडी आस्था लागते. त्यात दोघांचाही लाभ आहे, कारण रोग्याला समजेल असे बोलण्याचा धडा भावी डॉक्टरांसही हवाच असतो.

बीदरची भूमी १९४८ साली मुक्त झाली, गोवा १९६१ साली. त्या लढ्यांत ज्यांनी लाठ्या खाल्ल्या आणि तुरुंग सोसले, त्यांच्या मनातील स्वातंत्र्य केवळ झेंडा बदलण्याचे नव्हते. आपल्याविषयी जे लिहिले जाते ते आपल्याला कळावे आणि आपल्या जिवाचा निर्णय आपल्या समजुतीने व्हावा, हेही त्या स्वप्नात होते. कमठाण्यातील एखादी मुलगी दिव्याखाली बाटली धरून ती बारीक ओळ दोनदा वाचते, सिरिंजेवरचा आकडा ताडून पाहते आणि मग आजीकडे वळून तिच्या भाषेत शांतपणे सांगते, 'थांब, ही सिरिंज या औषधाची नव्हे', त्या क्षणी ते स्वप्न त्या घरापुरते तरी खरे होते. आपल्या शाळांतील उताऱ्यांचा सराव तिला तेथवर नेतो की नाही, हे गुणपत्रिका सांगणार नाही. ते आपण सर्वांनीच वर्गात जाऊन पाहिले पाहिजे.